टेक्ससमध्ये हरलेला दावा आर्कान्सात कसा जिंकला? लायब्ररीतल्या पुस्तकांवरून दावा लावण्याआधी

आर्कान्सा राज्याच्या वायव्य भागातून एका आईने प्रश्न विचारलाय. मुलगी सोळा वर्षांची. तिला हवी असलेली काही पुस्तकं गावच्या सार्वजनिक लायब्ररीने किशोर विभागातून उचलून मोठ्यांच्या विभागात नेली आणि ‘अठराच्या आतल्यांना ही मिळत नाहीत’ असं काउंटरवर सांगितलं. दीर टेक्ससमध्ये असतात. ते म्हणतात, सुप्रीम कोर्टानेच हात झटकले, आता काही होणार नाही. वर्तमानपत्रात मात्र आर्कान्साचा २०२३ चा कायदा घटनाबाह्य ठरल्याचं आलं होतं. यात खरं कोण? मुलीच्या वतीने दावा लावता येतो का? आणि आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मुलगी अमेरिकेत जन्मलेली, अशा वेळी दाव्यात नाव आलं तर काही बिघडेल का?

दीरही खरं सांगतायत आणि वर्तमानपत्रही. अमेरिकेत संघराज्याच्या कोर्टांच्या हद्दी ठरलेल्या आहेत, आणि एका हद्दीतल्या अपील न्यायालयाचा निकाल दुसऱ्या हद्दीला बंधनकारक नसतो. टेक्सस, लुइझियाना आणि मिसिसिपी पाचव्या अपील न्यायालयाखाली येतात. आर्कान्सा, आयोवा, मिझुरी, मिनेसोटा, नेब्रास्का आणि दोन्ही डकोटा आठव्याखाली. म्हणून ‘पुस्तकबंदीविरुद्ध जिंकता येतं का’ या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. आधी चार गोष्टी विचारतो: पुस्तक कुठून हललं, कुणाच्या सांगण्यावरून हललं, त्या सांगण्याचे शब्द काय होते, आणि गाव कुठल्या हद्दीत आहे. बाकीचं सगळं यावर ठरतं.

दिरांचा निकाल आधी घेऊ. टेक्ससमधल्या लानो काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) सार्वजनिक लायब्ररीतून १७ पुस्तकं काढली गेली. यादी वाचण्यासारखी आहे. इझाबेल विल्करसन यांचं जातव्यवस्थेवरचं पुस्तक, ज्यात डॉ. आंबेडकर येतात, तेही त्यात; आणि लहान मुलांची पादण्याच्या विनोदांची चित्रपुस्तकंही त्यात! मार्च २०२३ मध्ये जिल्हा न्यायालयाने (संघराज्याच्या कोर्टांतली पहिली पायरी) पुस्तकं परत ठेवायला सांगितलं. पण २३ मे २०२५ रोजी पाचव्या अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १० विरुद्ध ७ मतांनी ते उलटवलं. लायब्ररीने अमुक पुस्तक ठेवावंच असा दावा वाचकाला ‘माहिती मिळण्याच्या हक्का’खाली करता येत नाही, असं बहुमत म्हणालं. लायब्ररीतली निवड हे सरकारचं स्वतःचं बोलणं आहे, असंही काही न्यायाधीश म्हणाले. पण ते सातच होते, बहुमत नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे प्रकरण ऐकायला घेतलं नाही. न ऐकणं म्हणजे निकाल देणं नव्हे, हे दिरांना जरूर सांगा. पाचव्या हद्दीपुरता तो कायदा झाला, तुमच्यापुरता नाही. उलट आठव्या अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये आयोवाच्या प्रकरणात, शाळेच्या लायब्ररीतली पुस्तकं हे सरकारचं बोलणं आहे हा युक्तिवाद फेटाळला होता.

आता आर्कान्साचा २०२३ चा अधिनियम ३७२. हा जरा सावकाश वाचायला हवा, कारण असे दावे कशावर जिंकले जातात ते त्यातून दिसतं. कलम १ नुसार मुलांना ‘अपायकारक’ वस्तू देणं, दाखवणं, उसनी देणं किंवा ‘उपलब्ध करून देणं’ हा अ वर्गाचा गुन्हा ठरत होता. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. ‘उपलब्ध करून देणं’ हे दोन-तीन शब्द उघड्या कपाटाजवळ नेऊन वाचा. ग्रंथपालाने कुणाच्या हातात काही दिलेलंच नाही. पुस्तक खुल्या फळीवर आहे आणि फळीसमोरून सहा वर्षांचं पोर चालत जातंय. झालं उपलब्ध.

त्यात आणखी एक गाठ होती. ‘मुलं’ म्हणजे अठराच्या आतली सगळी, आणि मोजमाप धाकट्यात धाकट्या मुलाचं, असा अर्थ आर्कान्साच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच लावून ठेवला होता. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला जे चालणार नाही ते सतरा वर्षांच्या मुलीलाही द्यायचं नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. व्हर्जिनियात १९८८ च्या सुमारास असाच कायदा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. तिथल्या राज्य न्यायालयाने उलट अर्थ लावला: सतराच्या आसपासच्या मुलांसाठी ज्यात गंभीर मोल आहे ते पुस्तक अपायकारक धरायचं नाही. तो कायदा टिकला. तेव्हा तुमच्या राज्यात ‘अपायकारक’चं मोजमाप कुठल्या वयाला लावतात, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

कलम ५ हरकतींबद्दल होतं. पुस्तकाच्या ‘योग्यते’वर कुणीही हरकत घ्यावी, समितीने निर्णय द्यावा, तो पटला नाही तर काउंटी किंवा नगर परिषदेकडे जावं, आणि पुस्तक अठराखालच्यांना पोचता येणार नाही अशा जागी हलवता यावं. ‘योग्य’ म्हणजे काय, हे कायद्यात कुठेच नव्हतं. केवळ त्यातल्या मतांमुळे पुस्तक काढता येणार नाही, अशी ओळही होती. वाचायला बरं वाटतं. पण ‘केवळ’ हा शब्द बघा: मतं हे इतर कारणांबरोबर एक कारण असलेलं चालेल, असा त्याचा अर्थ निघतो. आणि वरच्या पायरीवर जाण्याची वाट हरकत घेणाऱ्यालाच; पुस्तक राहावं म्हणणाऱ्या वाचकाला तशी वाट नाही. एका खोलीच्या गावलायब्ररीत अठराच्या वरच्यांची बंद जागा काढायची कुठे, हा प्रश्न तर निराळाच.

लायब्रऱ्या, पुस्तकविक्रेते, प्रकाशक-लेखकांच्या संघटना आणि काही वाचकांनी २ जून २०२३ ला दावा लावला. कायदा १ ऑगस्टला लागू व्हायचा होता. न्यायाधीश टिमथी ब्रुक्स यांनी २९ जुलैला दोन्ही कलमांना तात्पुरता मनाई हुकूम दिला आणि २३ डिसेंबर २०२४ ला तो कायमचा केला. राज्याने त्यावर अपिलाचा रस्ता धरला. या क्षेत्रात आदेश फिरतात, म्हणून दावा दाखल करायच्या दिवशी ताजा आदेश वाचून घ्या. आयोवाचंच उदाहरण आहे. तिथल्या २०२३ च्या कायद्याने लैंगिक कृतीचं कसलंही वर्णन असलेलं पुस्तक शाळेच्या लायब्ररीतून काढायला लावलं. धर्मग्रंथांना तेवढी सूट. जिल्हा न्यायालयाने २९ डिसेंबर २०२३ ला मनाई केली, अपील न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली, जिल्हा न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये पुन्हा लावली.

आयोवातली मनाई का उठली होती, ते समजून घेतलं तर पुष्कळ पैसे वाचतील. समाजमाध्यमांवरच्या कायद्यांच्या नेटचॉइस प्रकरणात २०२४ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अख्खा कायदा रद्द मागायचा असेल, तर तो कुठेकुठे लागू पडतो त्या सगळ्याची मोजणी करा. वैध वापर किती, अवैध किती, आणि अवैध वापर वैधाच्या मानाने खरोखर जास्त आहे हे दाखवा. दोन-चार गाजलेली पुस्तकं कोर्टापुढे ठेवून ‘बघा, हीसुद्धा काढली’ एवढ्यावर आता भागत नाही. शितावरून भाताची परीक्षा कोर्ट मान्य करत नाही. काढलेल्या पुस्तकांची पूर्ण यादी लागते, आणि प्रत्येक पुस्तकापुढे तीन प्रश्नांची उत्तरं लागतात: समग्र पाहता कामोत्तेजना हाच त्याचा रोख आहे का, मुलांच्या दृष्टीने ते उघडउघड ओंगळ आहे का, आणि त्या वयाला त्यात वाङ्मयीन, कलात्मक, राजकीय किंवा शास्त्रीय मोल आहे का. १९६८ चा गिन्सबर्ग आणि १९७३ चा मिलर या सुप्रीम कोर्टाच्या निकालांतून ही कसोटी आली. कायद्यात तिसरा प्रश्नच नसेल, तर तिथेच बोट ठेवायचं. फ्लोरिडाच्या कायद्यातली ‘लैंगिक वर्तनाचं वर्णन’ ही तरतूद ऑगस्ट २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयात पडली, ती अशाच सरसकटपणामुळे.

बहुतेकांची गफलत होते ती इथे. लोक ‘मुलांचा वाचण्याचा हक्क’ या मुद्द्यावर सगळा भार टाकतात, कारण तो मनाला भिडतो. पण तोच मुद्दा कायद्याच्या पायावर सगळ्यात कच्चा आहे. सुप्रीम कोर्टाच्या १९८२ च्या पीको निकालाचा हवाला सगळे देतात. न्यू यॉर्कमधल्या एका शाळा मंडळाने नऊ पुस्तकं काढली होती. मतं न आवडल्यामुळे शाळेच्या लायब्ररीतून पुस्तकं काढता येत नाहीत, असं त्यात म्हटलंय. मात्र त्या मताला पाच न्यायाधीशांचा पाठिंबा नव्हता. त्यामुळे प्रत्येक हद्दीत त्याचं वजन वेगळं, आणि पाचव्या हद्दीत तर त्याला किंमतच उरली नाही. म्हणून मी मांडणी अशी लावतो: आधी संदिग्धता (काय चालतं, काय नाही हे शब्दांवरून कळत नाही), मग सरसकटपणा (वैध पुस्तकंही त्यात सापडतात), मग मतांवरून केलेला भेदभाव, आणि वाचण्याचा हक्क शेवटी. पुस्तकविक्रेता किंवा प्रकाशक वादी असेल तर त्याचा स्वतःचा हक्क वेगळा उभा राहतो. टेक्ससने २०२३ मध्ये विक्रेत्यांनीच प्रत्येक पुस्तकाला लैंगिकतेची श्रेणी लावावी असा कायदा केला होता. तो जानेवारी २०२४ मध्ये त्याच पाचव्या न्यायालयात अडला, कारण सरकार विक्रेत्यांच्या तोंडी स्वतःचे शब्द घालत होतं. म्हणजे टेक्ससमध्येही सगळेच दावे हरतात असं नाही.

आता तुमचं प्रकरण. तुमची पुस्तकं काढलेली नाहीत, हलवलीत. समोरचा वकील हेच पहिलं वाक्य बोलेल: ‘पुस्तक इमारतीतच आहे, बंदी कुठे आहे?’ याला उत्तर आहे, आणि तेही तुमच्या शेजारचंच. क्रॉफर्ड काउंटीतल्या सीडरव्हिल शाळेने हॅरी पॉटर पालकांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं ठरवलं होतं. चिठ्ठीची अट हासुद्धा हक्कावर भार आहे, असं कोर्टाने २००३ मध्ये म्हटलं. वीस वर्षांनी त्याच काउंटीच्या लायब्ररीने समलिंगी, पारलिंगी विषयांची मुलांची पुस्तकं रंगीत पट्टी लावून ‘सोशल सेक्शन’ नावाच्या वेगळ्या कपाटात नेली. तीन आयांनी दावा लावला आणि ३० सप्टेंबर २०२४ ला त्या जिंकल्या. टेक्ससमधल्याच विचिटा फॉल्सचं २००० सालचं प्रकरणही उपयोगी आहे: ३०० सह्या गोळा केल्या की मुलांचं पुस्तक मोठ्यांच्या विभागात, असा ठराव तिथे रद्द झाला. हे तिन्ही जिल्हा न्यायालयांचे निकाल आहेत. वजनदार आहेत, पण बंधनकारक नाहीत.

पुराव्याचं काम वकील गाठण्याआधी सुरू होतं.

पहिलं, कॅटलॉगचा पडदा तारखेसकट टिपून ठेवा: पुस्तकाचं नाव, आयएसबीएन, पूर्वीची जागा, आताची जागा. लानोमध्ये काही पुस्तकं पुढे इमारतीत होती, पण कॅटलॉगमध्ये नाहीत आणि फळीवरही नाहीत. नाव घेऊन मागितलं तरच मिळायची. असा फरक तारखेच्या चित्राशिवाय सिद्ध करणं अवघड.

दुसरं, मुलीने स्वतः पुस्तक मागावं आणि नकार लेखी घ्यावा. ईमेल पुरतो. ‘काउंटरवर सांगितलं’ हे शपथपत्रात कमजोर पडतं. काउंटरवरचा माणूस पुढे ‘माझा गैरसमज झाला’ म्हणाला की दाव्याचा पायाच गेला.

तिसरं, कागद मागवा: हरकतीचा अर्ज, समितीचं इतिवृत्त, संचालकांना आलेले ईमेल. आर्कान्साच्या माहिती कायद्यात हा हक्क ‘राज्याच्या नागरिकाला’ दिलाय, म्हणून एच-१बीवर असलेल्याने अर्ज केल्यास वाद उपस्थित होऊ शकतो. शेजारच्या अमेरिकन नागरिक मैत्रिणीच्या नावाने अर्ज करा, तोच मजकूर. कोणी काय वाचायला नेलं हे मात्र मागू नका. ते गोपनीय असतं आणि त्या एका ओळीपायी सगळा अर्ज रेंगाळतो. हे कागद महत्त्वाचे एवढ्यासाठी की ‘जागा कमी होती’ असं अधिकृत कारण दिलेलं असताना ईमेलमध्ये ‘असली मतं मुलांपुढे नकोत’ असं निघालं, तर प्रकरणाचा रंगच बदलतो.

चौथं, पुस्तक पूर्ण वाचा. विरुद्ध बाजूचा वकील त्यातलं सगळ्यात अवघड पान मोठ्याने वाचणार, हे ठरलेलं आहे. ते पान तुमच्याच शपथपत्रात, मागच्या-पुढच्या संदर्भासह, आधी आलेलं बरं.

वादी कोण, यावर बरेच दावे अडखळतात. अठराच्या आतली मुलगी थेट दावा लावू शकत नाही. सातबाऱ्यावर आपल्याकडे ‘अ.पा.क.’ लिहून पालकाचं नाव येतं, तसंच इथेही मोठ्या माणसाने तिच्या वतीने उभं राहायचं असतं. आई-वडील स्वतः वकील नसतील तर साधारणपणे मुलाच्या वतीने वकिलाशिवाय दावा चालवू देत नाहीत. कागदांवर मुलीची फक्त आद्याक्षरं येतात. मुलगी सोळाची आहे आणि दावा दोन वर्षं चालला तर ती अठराची होईल, मग मनाई हुकमाची गरजच उरली नाही म्हणून प्रकरण निकाली निघेल. यावर दोन उपाय: सोबत बारा-तेरा वर्षांचा आणखी एक वादी घ्या, आणि एक डॉलरची नाममात्र नुकसानभरपाई मागा. झालेल्या हानीबद्दल नाममात्र भरपाई मागितली असेल तर दावा जिवंत राहतो, असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय.

जून २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या कासा निकालानंतर मनाई हुकूम साधारणपणे वादींपुरताच मिळतो. तुम्ही एकट्याच असाल तर पुस्तक तुमच्या मुलीला मिळेल, फळीवर परत येईलच असं नाही. वाचकांची किंवा ग्रंथपालांची संघटना सोबत असेल तर तिच्या सभासदांनाही संरक्षण मागता येतं.

प्रतिवादी लिहिताना राज्याचं नाव घालू नका. राज्यावर थेट दावा चालत नाही; कायदा राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर, त्याच्या पदाच्या नात्याने, लावायचा. आर्कान्सात आणखी एक गंमत आहे: ‘काउंटी जज’ हा न्यायाधीश नसतो, काउंटीचा कारभारी असतो, आणि ‘क्वोरम कोर्ट’ हे कोर्ट नसतं, ती निवडून आलेली परिषद असते. बाहेरच्या राज्यातून आलेले हुशार लोकही इथे फसतात.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा न्यायालयात दाखल करण्याची फी ४०५ डॉलर आहे. ती किरकोळ, खरा खर्च वकिलाचा. नागरी हक्काचा दावा जिंकल्यास वकिलाची फी समोरच्याकडून मिळू शकते. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की नुसता तात्पुरता मनाई हुकूम मिळणं म्हणजे ‘जिंकणं’ नव्हे. हुकूम निघताच लायब्ररीने पुस्तकं परत ठेवली आणि प्रकरण मिटलं, तर फी तुमच्याच अंगावर पडू शकते. म्हणून वकिलाशी पहिल्याच भेटीत बोला: अशी वेळ आली तर बिल कोणाचं? बरेच जण अशा प्रकरणांसाठी नागरी हक्कांच्या संघटनांकडे जातात ते याचसाठी.

व्हिसाचा प्रश्न. पहिल्या घटनादुरुस्तीचं, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचं, संरक्षण इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही आहे. सुप्रीम कोर्टाने हे १९४५ मध्ये सांगितलं. मुलगी तर नागरिकच आहे. तरी हक्क असणं वेगळं आणि त्याचा त्रास न होणं वेगळं. मुलीचं नाव आद्याक्षरांत झाकलं, तरी तिच्या वतीने उभ्या राहणाऱ्या आईचं पूर्ण नाव कागदावर येतं, आणि मराठी आडनावाची गावात दोनच घरं असतील तर आद्याक्षरांना काही अर्थ उरत नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असेल तर आधी तुमच्या इमिग्रेशन वकिलाचं मत घ्या. माझा कल असा: नागरिक असलेलं दुसरं कुटुंब मुख्य वादी असू द्या आणि तुमची मुलगी, तिची इच्छा असेल तरच, साक्षीचं शपथपत्र देईल. दाव्याचं बळ त्याने कमी होत नाही.

इथवरचा हिशेब असा झाला: टेक्ससचा निकाल तुम्हाला लागू नाही, हलवणं हाही भार ठरू शकतो, आणि २०२३ च्या कायद्याच्या दोन कलमांना मनाई मिळालेली आहे. मग तुमच्या लायब्ररीने पुस्तकं कशाच्या आधारे हलवली? हे तुमच्या प्रश्नात नाही, आणि त्यावरच सगळं अवलंबून आहे. मनाई झालेल्या त्याच २०२३ च्या कायद्याच्या धाकाने कुणी आपणहून केलं असेल, तर कदाचित एका पत्रानेच काम होईल. परिषदेने स्वतंत्र ठराव केला असेल, तर दावा त्या ठरावाविरुद्ध. एखाद्या कर्मचाऱ्याने जागेअभावी हलवलं आणि अठराची अट त्याच्या मनची असेल, तर दावा उभा राहणं अवघड.

तेव्हा या आठवड्यात एकच करा. संचालकांना लेखी विचारा: ही पुस्तकं कोणत्या तारखेला, कोणत्या ठरावाने किंवा धोरणाने हलवली, अठराची अट कुठे लिहिली आहे, ती पालकाच्या संमतीने उठते का, आणि पुस्तकं परत किशोर विभागात ठेवावीत असा अर्ज करायचा असेल तर कोणाकडे. पत्रात कायद्याची कलमं, निकाल, दाव्याची भाषा काहीही घालू नका. ती दिसली की पत्र काउंटीच्या वकिलाकडे जातं आणि उत्तर तोलूनमापून येतं. साध्या पत्राला ग्रंथपाल स्वतः उत्तर देतात, आणि खरं कारण बहुधा त्यातच लिहिलेलं असतं.